जुनी रायफल किंवा दुनळी घेताना नेमकं काय तपासायचं?

खाडीपलीकडे
नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात काजू-आंब्याची बाग आहे, डुकरं आणि वानरं दोन्हींचा उपद्रव. शेतीसंरक्षणाचा परवाना मंजूर झालाय, त्यावर हत्याराची नोंद व्हायची आहे. दोन जुनी हत्यारं बघायला मिळाली. एक .४२३ माउझर, जर्मन बोल्ट रायफल (नळीचं मागचं तोंड सरकत्या दांड्याने, म्हणजे बोल्टने, बंद होणारी), दुसऱ्या महायुद्धाआधीची. नळी आतून चकचकीत, बाहेरून नवं ब्ल्यूइंग (गंज रोखणारा काळा-निळा रंग). दुसरी १२ बोरची (बोर म्हणजे नळीचं आतलं माप) दुनळी, बर्मिंगहॅमची, हॅमरलेस, म्हणजे घोडे आत लपलेले, ३० इंची नळ्या. ही मात्र मळकट, दस्त्यावर, म्हणजे लाकडी भागावर, नळीच्या मागे काळा डाग.
रायफलचे दुनळीच्या जवळपास दुप्पट सांगतायत. माझा कल रायफलकडे आहे. हातात घेतल्यावर कुठून सुरुवात करायची, आणि फसगत नेमकी कुठे होते?

कलमबहाद्दर
सुरुवात परवान्यापासून. शस्त्र कायदा १९५९, कलम १३(३): शेतीच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, आणि ती पुरेशी नाही असं प्राधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. रायफलच्या नळीत आतून आटे, म्हणजे पिळदार चर असतात, म्हणून ती त्यात बसत नाही. तुमच्या परवान्यावर हत्याराचा प्रकार आणि बोर लिहिलेला रकाना वाचा. तिथे '१२ बोर' असेल तर माउझर कितीही देखणी असली तरी ती दुसऱ्या कुणासाठी आहे.
विकणारा खासगी परवानाधारक असेल तर कलम ५ बघा. त्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं की हत्यार कोणाला विकतोय, नाव-पत्त्यासकट, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. '४५ दिवस होतीलच, तोवर घेऊन जा' असं कुणी म्हटलं तर तिथूनच परत फिरा.
आणि डुक्कर काय, वानर काय, दोन्ही वन्यजीव कायदा १९७२ खाली येतात. बंदुकीचा परवाना म्हणजे मारण्याची परवानगी नव्हे, ती वनखात्याकडून वेगळी लागते.

मांडवी_लेट
रायफल बाद. धागा संपला, चहा मागवा.

गज_आणि_चिंधी
संपला कसला! रायफलचा परवाना असलेलेही वाचतायत की. त्यांच्यासाठी लिहितो, आणि धागाकर्त्यांनी 'चकचकीत नळी' आणि 'नवं ब्ल्यूइंग' हे गुण म्हणून लिहिलेत म्हणूनही.

रिकामी आहे याची खात्री आधी. बोल्ट उघडा, मॅगझिन बघा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, करंगळी घाला. नुसत्या नजरेवर विश्वास नको.

मग गजाला कोरडी चिंधी लावून नळी पुसा. विकणारे नळीत तेल ठेवतात. तेलाचा थर बारीक खड्डे भरून काढतो आणि उजेड टाकला की सगळं लखलखतं. कोरडी केल्यावर बोल्ट काढून ब्रीचमध्ये (नळीच्या मागच्या तोंडाशी) पांढऱ्या कागदाचा तुकडा तिरका धरा, त्यावर मोबाइलचा उजेड टाका आणि तोंडाकडून बघा. नंतर उलट बाजूने. आट्यांच्या कडा धारदार दिसायला हव्यात. ब्रीचपासून दोन-तीन इंचांत आटे झिजून गुळगुळीत झाले असतील तर घसा गेला. चरांमध्ये काळे ठिपके दिसले तर ते गंजाचे खड्डे, कितीही घासले तरी जात नाहीत.

आणखी एक चकवा. जुन्या गोळ्यांवर तांबं-निकेलच्या मिश्रधातूचं आवरण असायचं. त्याचा थर आट्यांवर चांदीसारखा बसतो आणि नळी उगाच झळकते. अमोनिया असलेल्या सॉल्व्हंटने धुतल्यावर खरं रूप बाहेर येतं. म्हणून 'आरशासारखी' नळी दिसली की मी म्हणेन, धुऊन दाखवा.

नळीत एखादी गडद अंगठी दिसली, म्हणजे उजेडाचा पट्टा एका जागी तुटला, तर तिथे फुगवटा आहे. नळीत काहीतरी अडकलेलं असताना बार झालाय. बाहेरून दोन बोटांत नळी धरून हळू सरकवा, डोळ्यांना दिसत नाही ते बोटांना कळतं. अशी नळी घेऊ नये, किंमत कितीही उतरली तरी.

बोल्ट९८
वरच्या प्रतिसादाला जोड. नळीचं तोंड भिंगातून बघा. आटे जिथे संपतात तिथली कड सगळीकडून सारखी हवी. ज्या रायफली मागून साफ करता येत नाहीत, उदाहरणार्थ जुन्या लिव्हरवाल्या, त्यांच्यात गज तोंडाकडून जातो आणि एका बाजूला घासून तोंड लंबगोल करतो. मग नेम गेला, बाकी नळी सोन्याची असली तरी. तोंड अर्धा इंच कापून नवं करता येतं, पण माशीची (टोकावरच्या नेमखुणेची) जागा हलते आणि खर्च वाढतो.

माउझर ९८ चा बोल्ट बाहेर काढा. पुढचे दोन अडसर (बोल्टला अडकवून धरणारे दात) बघा, मागच्या अंगाला दोन्हींवर घासल्याची खूण सारखी हवी. एकावरच चकाकी असेल तर सगळा जोर एकच अडसर खातोय. फायरिंग पिनच्या भोकाभोवती धातू खाल्लेला, खवले गेलेला नको. बोल्ट, ॲक्शन (बोल्ट ज्यात बसतो तो पोलादी भाग) आणि नळी यांवरचे नंबर जुळवा. बोल्ट दुसऱ्याच रायफलचा असेल तर हेडस्पेस (मिटलेल्या बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा) मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यासाठी गो आणि नो-गो असे दोन गेज असतात. पहिल्यावर बोल्ट पूर्ण मिटला पाहिजे, दुसऱ्यावर मिटता कामा नये. गेज परवानाधारक गनस्मिथकडे. त्याच्याकडेही त्या बोरचे नसतील तर त्या रायफलमधून झाडलेल्या काडतुसाचं पितळी कवच मागा. बुडाच्या थोडं वर चकचकीत रेघ उमटली असेल तर पितळ तिथे ताणलं जातंय, पुढे कधीतरी तुटणार.

चापाची परीक्षा: चेंबर रिकामं, सेफ्टी लावा, चाप जोरात ओढा, सोडा. आता चापाला हात न लावता सेफ्टी काढा. पिन पडली तर ती रायफल तशीच खाली ठेवा. कुणीतरी चाप हलका करण्यासाठी कानशीने सिअर (पिन अडवून धरणारा तुकडा) घासलेला असतो.

काजूबोंडू
माका वाटला बंदूक घेवक पैसे आणि परवानो पुरे. हय तर भिंग, गेज, कागद, सॉल्व्हंट... सोबत भटजी पण होयो काय?

बोल्ट९८
@काजूबोंडू, भटजी नको, पण स्वतःचा स्क्रूड्रायव्हर घेऊन जा. का ते खाली सांगतो.

कोकणात जुन्या रायफलचा सगळ्यात मोठा रोग दिसतो लाकडाखाली. दस्त्याचे दोन स्क्रू काढून ॲक्शन आणि नळी दस्त्यातून उचला. पावसाळ्याचे चार महिने लाकूड पाणी पितं, आणि नळी ज्या खाचेत बसते तिथे ओल धरून ठेवतं. वरून नळी काळीभोर, उचलली की लाकडाच्या कडेच्या रेषेत बरोब्बर तांबूस पट्टा, त्याखाली खरबरीत खड्डे. नखाने चाचपा. नख अडकत नसेल तर वरवरचा गंज, तेल आणि बारीक स्टील वूलने जाईल. नख अडकलं तर किंमत खाली. चेंबरभोवती खोल खड्डे असतील तर तिथला दाब सगळ्यात जास्त असतो, म्हणून नकोच. विकणारा स्क्रू काढू देत नसेल तर तेच उत्तर समजा.

स्क्रूंच्या खाचाही बघा. कडा फाटलेल्या असतील तर घरच्या हत्यारांनी कुणीतरी आत हात घातलाय.

सागवान_नव्हे_अक्रोड
लाकडाचं मी सांगतो. अक्रोडाचा दस्ता दोन ठिकाणी तडकतो: मनगटाशी, जिथे मूठ धरतो तिथे, आणि ॲक्शनच्या शेपटीच्या लगेच मागे. .४२३ सारख्या जड बोरमध्ये ॲक्शनचा खालचा दात लाकडात नीट टेकला नसेल तर प्रत्येक बाराला शेपटी लाकडात पाचर मारते आणि तिथून चीर धावते. दस्ता हलकेच पिळून बघा, केसासारखी रेघ उघडते का. लाखेच्या नव्या थराखाली तडा छान झाकला जातो.

लाकूड धातूच्या पातळीपेक्षा खाली गेलेलं दिसलं, की सँडपेपर मारलाय. मूळ दस्त्यात लाकूड किंचित वर असतं.

धागाकर्त्यांच्या दुनळीवरचा काळा डाग बहुतेक तेलाचा. बंदूक तोंड वर करून भिंतीला टेकवली की नळीतलं तेल उतरून लाकडाच्या डोक्यात मुरतं. लाकूड मऊ होतं, ॲक्शन सैल बसते आणि चिरा पडतात. नखाने दाबून बघा. टणक असेल तर खडूची पूड थिनरमध्ये कालवून लेप लावायचा, वाळला की झटकायचा, तेल ओढून घेतं. चार-पाच वेळा करावं लागतं. मऊ लागलं तर तो दस्ता बदलावा लागेल.

चिपळूण_स्टँड
रिब्ल्यूइंग म्हणजे वाईटच, असा वरचा सूर पटला नाही. आपल्या हवेत दर काही वर्षांनी कुणीही करूनच घेतं.

गज_आणि_चिंधी
करून घ्यायला हरकत नाही. कसं केलंय ते बघायचं. बफिंगच्या चाकावर धरून गंज काढला असेल तर अष्टकोनी भागाच्या कडा गोल होतात, अक्षरं आणि नंबर पुसट होतात, स्क्रूची भोकं बशीसारखी खोलगट दिसतात. नंबर पुसट झाला तर पुढे कागदाचाही प्रश्न. आणि काळ्या रंगाखालीच खड्डे दिसत असतील तर नुसता रंग मारलाय.

दुनळीत तर हे धोक्याचं. दोन नळ्या आणि मधल्या पट्ट्या शिशा-कथिलाच्या झाळणीने जोडलेल्या असतात. गरम कॉस्टिक क्षारात बुडवून केलेलं ब्ल्यूइंग ती झाळण खातं. क्षार पट्टीखाली शिरून बसतो आणि आतून गंज चालू राहतो. दुनळीला हळूहळू गंजवून केलेलं रस्ट ब्ल्यूच हवं. चकचकीत आरशासारखी काळी दुनळी दिसली तर शंका घ्या, मऊसर करडा-काळा रंग असेल तर बरं.

तीनशेपंधरा
एवढं लिहिलंत, पण काडतुसाचं कुणी बोललं नाही! .४२३ माउझर, म्हणजे १०.७५ x ६८. भारतात रायफलची काडतुसं बनतात ती मुख्यतः .३१५, .३०-०६ आणि .२२. बाकी .३७५, .४०५, .४२३ या सगळ्यांचं भवितव्य जुन्या आयात मालावर. डब्यातलं काडतूस किती जुनं, ओलीत राहिलं का, काही पत्ता नाही. पितळावर हिरवट डाग, गोळी बोटाने फिरते, टोपीभोवती (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या वाटीभोवती) काळं वर्तुळ, यातलं काहीही दिसलं तर वापरू नये.

आणखी एक गल्लत. .४०४ जेफरी आणि .४२३ माउझर यांच्या गोळीचा व्यास जवळपास एकच, पण काडतुसं वेगळी. परवान्यावर '.४२३' आणि चेंबर .४०४ चं, किंवा उलट, असं असू शकतं. नळीवरचा शिक्का वाचा, आणि शंका असेल तर गनस्मिथकडून चेंबरचा साचा काढून घ्या.

रोजच्या कामाची रायफल म्हणून विचाराल तर इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५. काडतूस मिळतं, सुटे भाग मिळतात.

बोल्ट९८
.३१५ ला नेम नाही हो. बाराशी प्रामाणिक, बस्स.

तीनशेपंधरा
तिची नळी कोणी जपलीय त्यावर आहे. काडतूस म्हणजे ८ x ५० आर, जुनं ऑस्ट्रियन मॅनलिकरचं. ॲक्शन ली-एनफिल्डची. त्यामुळे तपासणी वेगळी, माउझरचे नियम लावू नका. अडसर बोल्टच्या मागच्या भागात असतात. बोल्टचं डोकं वेगळा तुकडा आहे, आट्यांवर फिरवून बसवलेलं. अदलाबदल सर्रास होते, म्हणून बोल्टच्या दांड्यावरचा आणि ॲक्शनवरचा नंबर आधी जुळवा. काडतुसाला कड आहे, म्हणून हेडस्पेस कडेवर मोजतात, खांद्यावर नाही. बोल्ट शेवटच्या इंचात पुढे ढकलताना स्प्रिंगचा जोर लागतो, तो दोष नव्हे, बंद होताना कॉक होते (पिन ताणली जाते) ती. जोर लागत नसेल तर स्प्रिंग थकलीय किंवा सिअर धरत नाही.
मॅगझिनच्या ओठांवर हातोडीच्या खुणा शोधा. काडतूस वर येताना अडकतं ते बहुतेक तिथेच. पाच खोटी काडतुसं भरून पाचही पळवून बघा, सावकाश आणि मग जोरात.

नाटे_बंदर
.३०३ चालेल का? एक बीएसएची स्पोर्टिंग बघितली होती.

कलमबहाद्दर
नाही. .३०३ प्रतिबंधित बोर आहे, सैनिकी काडतूस चालतं म्हणून. सर्वसाधारण परवान्यावर येत नाही. बाहेरून स्पोर्टिंग दस्ता घातला म्हणून बोर बदलत नाही.

इतिहासाचा_खोडसाळ
अवांतर: सैनिकी बोरची ही भीती इंग्रजांचीच. १९०७ च्या सुमारास त्यांनी हिंदुस्थानात .४५० बोरच्या रायफलींवर बंदी घातली, कारण मार्टिनी-हेन्रीचं काडतूस .४५० चं होतं. शिकारी मंडळींचं घोडं अडलं. मग लंडनच्या कारखानदारांनी नव्या बोरची काडतुसं काढली: .४६५, .४७०, .४७५, .४७६. आज जुन्या संस्थानी दुनळी रायफलींवर हे विचित्र आकडे दिसतात, त्याचं कारण ही बंदी. परवान्याच्या जुन्या नोंदीत 'चारशे सत्तर' वाचून कारकुनाने चूक केली असं समजू नका.

मांडवी_लेट
संस्थानी रायफली! इथे काजूच्या बागेत वानर हाकायचंय हो.

काजूबोंडू
वानराक चारशे सत्तरचो आकडो सांगा, तेवढ्यानच पळात.

खाडीपलीकडे
सगळ्यांचे आभार. परवाना वाचला, '१२ बोर' असंच लिहिलंय. रायफल बाद. दुनळीवर कुणी नीट लिहाल का? आणि एक: तिथे दुसरी एक जुनी १२ बोर आहे, बाहेर घोडे असलेली, नळ्यांवर वेटोळ्या-वेटोळ्यांची नक्षी. ती स्वस्त आहे.

दुनळीवाला
नक्षीची आधी निकालात काढू. ती दमास्कस नळी: लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून जोडलेल्या. अशा बहुतेक नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या. काहींना नंतर नायट्रो प्रूफ, म्हणजे आजच्या धूररहित दारूच्या दाबाची चाचणी पास झाल्याचा शिक्का, मिळालेलं आहे, पण शतकभर आपल्या हवेत राहिल्यावर जोडांच्या आत गंज किती शिरलाय ते बाहेरून कळत नाही. आजचं कारखान्याचं काडतूस त्यात घालू नका. भिंतीवर छान दिसते, पण शोभेलाही परवाना लागतोच.

आता बर्मिंगहॅम. तोंडचा लाकडी भाग, फोरएंड, काढा, नळ्या वेगळ्या करा आणि खालची सपाट जागा वाचा. मुकुटाखाली बीपी, बीव्ही आणि एनपी अशी अक्षरं दिसली तर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे १९०४ नंतरचे शिक्के. एनपी म्हणजे नायट्रो प्रूफ, तो हवाच. तिथेच बोरचा आकडा: '१२' म्हणजे .७२९ इंच, '१२/१' म्हणजे .७४०, '१३/१' म्हणजे .७१९. गनस्मिथकडून ब्रीचपासून ९ इंचांवर बोर मोजून घ्या. शिक्क्यापेक्षा साधारण दहा हजारांश (.०१०) इंचाने वाढलेली असेल तर कुणीतरी खड्डे काढायला नळी आतून घासलीय, आणि तो शिक्का आता लागू नाही.

त्याहून महत्त्वाची नळीच्या भिंतीची जाडी. भिंतीचं माप वेगळ्या गेजने घेतात. पुढच्या भागात सगळ्यात पातळ जागी वीस हजारांश इंचाच्या खाली गेली तर मी म्हणेन नको. पंचवीसच्या वर असेल तर निवांत.

चेंबरची लांबी. जुन्या इंग्रजी बंदुकी अडीच इंच, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या. आजची बरीच काडतुसं ७० मिलिमीटरची. लांब काडतूस छोट्या चेंबरमध्ये आरामात बसतं, कारण घडी घातलेलं काडतूस आखूड असतं. उघडताना तोंड चेंबरच्या पुढच्या उतारात शिरतं, वाट अरुंद होते आणि दाब चढतो. 'बसतंय ना' हा निकष इथे चालत नाही. खडकीच्या शक्तिमान काडतुसांच्या खोक्यावर लांबी छापलेली असते, ती वाचून घ्या. चेंबर लांब करून घेण्याचा सल्ला कुणी दिला तर नाही म्हणा, नेमकी तिथेच भिंत पातळ होते.

दुनळीवाला
पुढचं. नळ्या पुन्हा बसवा, फोरएंड न लावता. मूठ धरून हलवा. खटखट जाणवली तर सांधा सैल. मग बंदूक मिटवून ब्रीचच्या फटीतून उजेड दिसतो का बघा. विडीचा किंवा पतंगाचा पातळ कागद फटीत धरून मिटवा. कागद सहज ओढून निघाला तर नळ्या तोंडावर बसत नाहीत. सांध्याची पिन जाड घालून किंवा हूक भरून हे दुरुस्त होतं, पण ते काम जाणणारे हात कमी. लिव्हर मिटल्यावर मधोमध किंवा किंचित उजवीकडे हवी. मधोमध ओलांडून डावीकडे गेली तर अडसर झिजलेत.

पट्ट्यांची परीक्षा कानाने. नळ्या हुकाने टांगा, लाकडी दांडीने हलकेच ठोका. घंटेसारखा लांब नाद आला तर झाळण शाबूत. भुणभुण किंवा ठस्स आवाज आला तर पट्टी कुठेतरी सुटलीय, आत ओल शिरणार.

नळ्यांच्या तोंडाशी दोघींमध्ये फट असेल आणि ती शिशाने भरलेली असेल तर नळ्या कापल्यात. चोक, म्हणजे तोंडाशी मुद्दाम अरुंद केलेला भाग, गेला. २८ इंचापेक्षा आखूड नळी दिसली की हे बघाच.

दोन्ही घोडे कॉक करून, खोटी काडतुसं घालून, सेफ्टी काढून बट रबराच्या चटईवर आपटा. एकही पडता कामा नये. मग उजवा चाप ओढून परत आपटा, डावा टिकला पाहिजे.

चिपळूण_स्टँड
दंडवत. पण एवढं सगळं विकणाऱ्याच्या ओट्यावर कसं जमायचं? तो म्हणेल घ्यायची तर घ्या.

गज_आणि_चिंधी
@चिपळूण_स्टँड, कागद, टॉर्च, चिंधी, ठोकायची दांडी, हे सगळं ओट्यावर होतं. मोजमापं गनस्मिथकडे, आणि तिथे हत्यार परवानाधारकानेच न्यायचं, आपण सोबत जायचं.

खारवारा
देखभालीचं एक, कारण घेतल्यावर पहिल्याच पावसात सगळं मातीमोल होतं. नारळाचं तेल लावू नका. ते गारठ्यात गोठतं आणि थंडीच्या पहाटे फायरिंग पिन जागची हलत नाही. खनिज बंदूक तेल वापरा, पातळ. चामड्याच्या किंवा फोमच्या पेटीत कायमची ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. गंज नेमका पेटीला टेकलेल्या बाजूने सुरू होतो.

निवडणुकीत हत्यारं जमा करावी लागली, तर तेव्हाही नळी आतून-बाहेरून घट्ट तेल लावून द्या आणि परत आल्यावर त्याच दिवशी पुसा. जमा करतानाच्या पावतीवर हत्याराची अवस्थाही लिहून घ्या, नुसता नंबर नको.

जुन्या टोप्यांच्या काडतुसांबद्दल: त्यांतला पोटॅशियम क्लोरेट जळून पोटॅशियम क्लोराइड बनतो, मिठासारखाच क्षार. तो तेलात विरघळत नाही, आणि आपली खारी हवा त्याला पाणी पाजते. बार झाल्यावर त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुवा, खडखडीत वाळवा, मग तेल. ठासणीच्या बंदुकीला तर हे काळ्या दारूमुळे दर वेळी लागतं.

नाटे_बंदर
+१. ठासणीच्या निपलचं (टोपी बसते त्या नळकांड्याचं) भोक मोठं झालं की टोपीचे तुकडे उडतात. निपल बदलता येतो, तो स्वस्तात होतो.

खाडीपलीकडे
गनस्मिथकडे मोजून झालं. दुनळीवर बीपी, बीव्ही, एनपी, बोर '१२', चेंबर अडीच इंच. नंबर नळी, ॲक्शन, फोरएंड तिन्हीवर एकच आणि विकणाऱ्याच्या परवान्यातल्या नोंदीशी जुळतो. बोर उजवी .७३१, डावी .७३३. भिंत सगळ्यात पातळ जागी २७ हजारांश. नाद दोन्हीकडून स्वच्छ. लिव्हर मधोमध. कागद डाव्या नळीवर वरच्या बाजूने निघतो, उजवीवर अडकतो. डाव्या नळीत तोंडापासून हातभर अंतरावर एक खोच (आत दबलेली जागा) आहे, बाहेरून दिसते. काळा डाग नखाला टणक.

दुनळीवाला
चांगली निघाली. बोरची वाढ दोन-चार हजारांश, काळजीचं काही नाही. सांधा किंचित सैल आहे, फोरएंड लावल्यावर कागद पुन्हा तपासा. तेव्हा डावी धरत असेल तर वापरा, नसेल तर आधी दुरुस्ती. खोच त्या जागच्या भिंतीवर अवलंबून: तिथे जाडी पुरेशी असेल तर आतून साच्याने उचलता येते. बार टाकण्याआधी उचलून घ्या, छर्रा जाताना तीच जागा आतून झिजते. सांधा आणि खोच, दोन्हींच्या दुरुस्तीचा अंदाज गनस्मिथकडून कागदावर घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा मागा. ६५ मिलिमीटरचीच काडतुसं.

बोल्ट९८
आणि माउझर कुणी बघितली तर आधी दस्त्यातून उचलून बघा, नवं ब्ल्यूइंग लाकडाखाली पोचलंय का ते.

कलमबहाद्दर
बयाणा रोख देऊ नका. बँकेतून द्या आणि पावतीवर हत्याराचा प्रकार, बोर, नंबर आणि 'परवानगी न मिळाल्यास रक्कम परत' हे लिहून घ्या. विकणाऱ्याने ठाण्यात दिलेल्या पत्राची पोच, तारखेच्या शिक्क्यासकट, तुमच्याकडे झेरॉक्स ठेवा. ४५ दिवस त्या तारखेपासून मोजायचे, सौदा ठरल्याच्या दिवसापासून नाही.